प्रोड्युसरबरोबर तबला वाजवायला जाऊ का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. बडोद्यातलाच बावीस वर्षांचा मुलगा, परफॉर्मिंग आर्ट्स फॅकल्टीत तबल्याच्या डिग्रीचं शेवटचं वर्ष, नवरात्रात ऑक्टोपॅड वाजवून स्वतःचा खर्च काढतो. शाळेतला मित्र पुण्यात लॅपटॉपवर हाऊस आणि टेक्नो बनवतो, त्यानं चार ट्रॅकवर तबला वाजवायला बोलावलंय, जमलं तर पुढे लाइव्ह शो पण करू म्हणतोय. सर म्हणतात हात बिघडेल, बाबा म्हणतात त्यात पैसा कुठाय, आणि मुलगा झाकीर हुसेन यांचं उदाहरण देऊन विचारतोय, काका, जाऊ का, आणि गेलो तर काय सांभाळू?

जा. हे आधीच सांगून टाकतो म्हणजे पुढचं नीट वाचशील. पण बहुतेक जण जातात तसा जाऊ नकोस. ते कसे जातात, तर प्रोड्युसर म्हणतो भाई एक केरवा दे, एक जरा फास्ट दे, एक ते तुमचं तिरकिटवालं दे, आपण दोन तासांत सगळं देऊन पाकीट खिशात घालून घरी येतो आणि मागे तो त्याचे तुकडे करून हवे तिथे चिकटवतो. त्यात तुझं काही राहत नाही, कुठून सुरू झालं आणि कुठे समेवर, म्हणजे तालाच्या फेऱ्याच्या पहिल्या मात्रेवर, आलं हे कोणालाच माहीत नसतं, नुसता तबल्याचा वास राहतो. माझं सगळं म्हणणं एवढ्याचभोवती आहे की तिथे गेल्यावर लय कोणाच्या हातात आहे हे बघ. तुझा वाटा लयीत असेल तर कुठल्याही मशिनबरोबर वाजव, आणि नसेल तर कितीही मोठं नाव समोर असलं तरी तू फक्त आवाज पुरवतोयस.

मी पस्तीस वर्षं वाजवतोय, दांडिया बाजारात घरीच शिकवतो, साथ केली, सोलो केले, गरब्याचे पंधरा-सोळा सीझन केले आणि १९९८ पासून स्टुडिओत क्लिकवर, म्हणजे कानात वाजणाऱ्या ठरलेल्या लयीच्या टिकटिकीवर, वाजवतोय, त्यामुळे हे ऐकीव नाही.

सगळ्यात आधी तुझ्या सरांचं, कारण त्यांना तू जुन्या विचारांचे समजून बाजूला ठेवशील अशी मला भीती वाटते. ते म्हणतात त्यात तथ्य आहे, फक्त कारण वेगळं आहे. टेक्नो वाजवून हात बिघडत नाही, ऐकू न आल्यामुळे बिघडतो. स्टेजवर मागे सबवूफर चालू असतो, तुझी चाट, म्हणजे तबल्याच्या काठावरचा बोल, तुलाच ऐकू येत नाही, मग तू जोर लावतोस, बोटातून यायचं ते मनगटातून आणि मनगटातून यायचं ते खांद्यातून यायला लागतं, आणि असे दहा शो झाले की निकास, म्हणजे बोल स्वच्छ निघणं, गेला. गरब्याच्या नऊ रात्रींनंतर धिरधिर स्वच्छ यायला मला आठवडाभर तरी लागायचा, तुलाही लागतच असणार, खरं सांग. म्हणून लाइव्ह करायचं ठरलं तर पहिली अट पैशाची घालू नकोस, कानात घालायच्या मॉनिटरची घाल. त्यात तुझा तबला वर, किक, म्हणजे मशिनच्या ढोलाचा ठोका, खाली. आणि एकूण आवाज पण कमी ठेव, कारण ८५ डेसिबलला आठ तास चालतं पण १०० डेसिबलला सुरक्षित वेळ जेमतेम १५ मिनिटं आहे, आणि तबलजीचा कान गेला तर हात असून उपयोग नाही. शो असेल त्या आठवड्यात रोज सकाळी अर्धा तास अगदी हळू, एकेक बोल ऐकत रियाज कर. माझा हात ह्याच सवयीनं सांभाळला गेला.

आता मुळातली गोष्ट. आपल्या गावाला हे नवीन आहे असं कोणी म्हणत असेल तर त्याला बडोदं माहीत नाही. सयाजीराव महाराजांच्या काळात मौलाबक्ष खाँसाहेबांनी १८८६ मध्ये गायनशाळा सुरू केली, नोटेशन लिहून शिकवायचे, तुझ्या फॅकल्टीचं मूळ तिथे आहे. त्यांचे नातू इनायत खाँ, १८८२ चा जन्म, बडोद्याचाच, ते १९१० मध्ये एक सख्खा आणि एक नात्यातला भाऊ घेऊन अमेरिकेला गेले. आणि तिथे १९११ मध्ये त्यांना काम काय मिळालं, तर रूथ सेंट डेनिस नावाची मोठी नर्तकी होती, ती हिंदुस्थानी ढंगाचे नाच करायची, तिच्या कार्यक्रमात ही मंडळी वाजवायची. घरात वीणेची एवढी मोठी परंपरा असलेला माणूस, आणि लोक तिकीट काढून बघायला आलेत ते नाचाचा देखावा, वीणा त्या देखाव्याचा भाग. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला माझा पहिला स्टुडिओ आठवला. शंभर वर्षांत वाद्यं बदलली, यंत्रं बदलली, पण आपल्याला बोलावतात ते बऱ्याचदा अजून त्याच जागेसाठी.

दुसरं उदाहरण ह्याच्या अगदी उलट आणि इथून जेमतेम शंभर-सव्वाशे किलोमीटरवरचं. १९६९ मध्ये अहमदाबादच्या एनआयडी या डिझाइन संस्थेत मूग सिंथेसायझर, म्हणजे विजेवर आवाज घडवणारं यंत्र, आला, डेव्हिड ट्यूडर नावाच्या अमेरिकन संगीतकारानं येऊन तो लावला. १९६९ म्हणजे बघ, आपल्याकडे घरात रेडिओ असला तर मोठी गोष्ट होती, आणि अहमदाबादला काही लोक बसून त्या वायरींच्या जंजाळातून आवाज काढत होते. त्यात अतुल देसाई होते, ओंकारनाथ ठाकुरांकडे शिकलेले गवई, म्हणजे पलुसकरांच्या, ग्वाल्हेरच्या परंपरेतले. आणि गीता साराभाई होत्या, पखवाज वाजवायच्या, त्यांनीच १९४६ मध्ये अमेरिकेत जॉन केज या संगीतकाराला आपलं संगीत समजावून सांगितलं होतं. ह्या लोकांना कोणी आलाप द्या, ठेका द्या म्हणून बोलावलं नव्हतं, मशीनच त्यांच्या ताब्यात होतं, बटणं तेच फिरवत होते. त्यांच्या टेप पुढे कितीतरी वर्षं पडून राहिल्या आणि २०२३ मध्ये रेकॉर्ड म्हणून बाहेर आल्या. मिळवून ऐक. सगळं सुंदर आहे असं मी म्हणणार नाही, काही तुकडे नुसते चाचपडत केलेले वाटतात, पण शोधणारा माणूस आत बसलाय हे कळतं.

मुंबईत चरणजीत सिंगांनी १९८२ मध्ये रोलंड कंपनीची तीन इलेक्ट्रॉनिक वाद्यं घेऊन दहा रागांची डिस्को ठेक्यावरची रेकॉर्ड केली, ते सिनेमाच्या स्टुडिओतले वादक. तेव्हा ती फारशी कोणी विचारली नाही, २०१० मध्ये परत निघाली तेव्हा जगभर लोक चकित झाले कारण अ‍ॅसिड हाऊस नावाचं जे पुढे शिकागोत आलं त्याच्याशी ती इतकी मिळतीजुळती होती. आता तबलजीच्या कानानं ऐकलंस तर तुला त्यात एक गोष्ट कळेल, राग आहेत, आरोह-अवरोह आहेत, पण ताल नाही. ठेका चारचा, सुरुवातीपासून शेवटपर्यंत तोच. सम, काल (म्हणजे खाली), टाळी काही नाही. म्हणजे सूर पलीकडे गेला आणि ताल अलीकडेच राहिला. हे जे राहिलंय ना, ते तुझं काम आहे, म्हणून मी जा म्हणतोय.

आता प्रत्यक्ष. हाऊसचा ट्रॅक समजा १२० बीपीएमला, म्हणजे मिनिटाला १२० ठोक्यांवर, आहे. एक मात्रा अर्धा सेकंद, तीनतालाचं सोळा मात्रांचं आवर्तन आठ सेकंदांचं, त्यांच्या भाषेत चार बार, एक बार चार मात्रांचा. त्यांचं वाक्य बहुतेक आठ बारचं असतं म्हणजे ३२ मात्रा, तीनतालाची दोन आवर्तनं, अगदी डोळे मिटून बसतं. म्हणून सगळे तीनताल नाहीतर केरवाच मागतात आणि आपणही देतो. पण रूपक घेऊन बघ. सात मात्रा, खाली किक चारात चाललाय, तुझी सम दर वेळी त्याच्या वेगळ्या जागी पडते आणि त्याच्या आठ बारच्या वाक्याच्या सुरुवातीला तुम्ही दोघं एकदम येता ते २२४ मात्रांनी, १२० च्या लयीत एक मिनिट बावन्न सेकंदांनी. झपताल घेतलास तर १६० मात्रा, म्हणजे ऐंशी सेकंद. नाचणाऱ्याला ह्यातलं गणित काही कळायचं नाही पण ती जागा आली की कळतं, अंगाला कळतं. मी हे करून पाहिलंय, पहिल्यांदा प्रोड्युसर घाबरतो, म्हणतो आउट चाललंय, त्याला म्हणायचं थांब, दोन मिनिटं थांब. आणि ड्रॉपवर, म्हणजे थांबलेला किक परत येतो त्या क्षणावर, यायला तिहाई, म्हणजे तीनदा घेऊन समेवर येणारा तुकडा, आहेच ना आपल्याकडे. नवव्या मात्रेपासून ‘तिटकत गदिगन धा’ तीन मात्रांत तीनदा, शेवटचा धा समेवर, आणि त्या धाला किक परत येऊ दे. त्यांना बिल्डअप करायला आवाज चढवत न्यावा लागतो, आपल्याकडे लोकांना वाट बघायला लावायची केवढी व्यवस्था आहे बघ, चक्रदार, म्हणजे अख्खी तिहाईच तीनदा, घेतलीस तर अजून लांबवता येतं.

अजराडा घराण्याचं तर बोलायलाच नको. बडोद्याचा तबला म्हटलं की सुधीरकुमार सक्सेना सर, हबीबुद्दीन खाँसाहेबांचे शागीर्द, त्यांनी अजराडा इथे रुजवला आणि आपण सगळे त्याच झाडाखाली बसलोय. अजराड्याचा जीव आडात आहे, तिस्र जातीचे कायदे, आणि डग्ग्याचं, म्हणजे डाव्या हाताच्या तबल्याचं, काम. खाली सरळ चार चाललेत आणि वर दोनाच्या जागी तीन, हे टेक्नोवर जे काही होतं ते तू एकदा ऐकच. मी एका सेशनला फक्त एक कायदा, म्हणजे ठरलेल्या बोलांची रचना, आणि त्याचे सहा पलटे, म्हणजे त्याच बोलांची फिरवाफिरव, वाजवले, दुसरं काही नाही, आणि ती पोरं जी एका मिनिटात कंटाळतात ती पाच मिनिटं मान हलवत बसली. म्हणून तुला सांगतो, त्यांच्यासाठी सोपं करून काही वेगळं शोधत बसू नकोस, घरचं शुद्ध वाजव, ते पुरतं.

पण एक भांडण तुला करावंच लागेल, क्वांटाइजचं. तू वाजवशील, तो स्क्रीनवर बघेल आणि म्हणेल थोडं इकडेतिकडे आहे, ग्रिडवर बसवून घेतो. बसवू देऊ नकोस. १२० ला मात्रेचा चौथा हिस्सा म्हणजे १२५ मिलिसेकंद. माझा केरवा मी मुद्दाम एकदा स्क्रीनवर मोजला, ‘ना’ हा बोल पंधरा-वीस मिलिसेकंद मागे पडत होता, दर वेळी, तेवढाच. ती चूक नाही, तीच माझी चाल आहे, माझ्या गुरुजींची पण तशीच होती. सरळ दोन आणि तिस्र ह्यांच्या मधे कुठेतरी केरवा लटकतो म्हणून तो केरवा आहे, ग्रिडवर बसवला की टाइपरायटर होतो. एक तडजोड चालते, सम ग्रिडवर घे म्हणावं, मधलं तसंच ठेव. चांगला प्रोड्युसर असेल तर तो उलटं पण करतो, तुझ्या वाजवण्यातून चाल उचलून ती आपल्या हायहॅटला, म्हणजे मशिनच्या झांजेला, देतो, सॉफ्टवेअरमध्ये तशी सोय असते. मित्राला विचार ही सोय वापरतोस का. तो काय उत्तर देतो त्यावरून तुला माणूस कळेल.

सुराचं बघ. बहुतेक प्रोड्युसरला तबला म्हणजे परकशन, सुराशी संबंध नाही असं वाटतं. सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्येच दाखवून दिलंय की शाईमुळे आपल्या तबला-मृदंगाचे उपस्वर सुरेल लागतात, साध्या ढोलाचे तसे लागत नाहीत. म्हणजे तुझा दायां, उजव्या हाताचा तबला, हा सूर आहे, आणि ट्रॅक दुसऱ्या सुरात असेल तर कितीही चांगला वाजव, ऐकणाऱ्याला काहीतरी टोचत राहतं आणि काय टोचतंय ते सांगता येत नाही. जायच्या आधी स्केल विचार. एफ मायनर म्हणाला तर काळी एकचा दायां घेऊन त्याला जरा उतरव, पांढरी एकला आण, तो एफचा पंचम होतो. जी असेल तर पांढरी दोनचा घे, पंचमच आला. ए असेल तर तोच पांढरी दोन मध्यम होतो, तोही चालतो. दोन दायां जवळ ठेव, काळी एकचा आणि पांढरी दोनचा, हातोडी बरोबर ठेव, बहुतेक काम भागतं. एसीत पुडी चढते आणि आपल्या इथे भाद्रपद-आश्विनाच्या दमट हवेत उतरते हे तुला सांगायला नको, पण स्टुडिओवाल्याला सांग की मला बसून वीस मिनिटं द्या, आल्या आल्या रेकॉर्डचं बटण दाबू नका.

डग्ग्याचं मात्र मला फार लागतं. किकचा जीव ५०-६० हर्ट्झच्या आसपास असतो, आपला ‘घे’ हा डग्ग्याचा बोल त्याच्या जरा वर सुरू होतो आणि घिस्सा दिला, म्हणजे तळहात सरकवला, की वर सरकतो. दोघं एकाच खोलीत राहायला येतात, आणि इंजिनिअर काय करतो, खालचं सगळं कापून टाकतो. डग्ग्याचा पत्र्याचा डबा होतो. मी कितीतरी रेकॉर्डिंगमध्ये माझा डग्गा असा मेलेला ऐकलाय आणि दर वेळी जिवाला लागलंय, कारण बोलणारा तर तोच आहे, दायां अक्षर म्हणतो पण भाव डग्गा देतो. ह्याला मिक्समध्ये उपाय कमी आणि रचनेत जास्त. जिथे डग्ग्याला बोलायचंय तिथे आठ बार किक काढून टाक म्हणावं. किंवा किक फक्त समेवर. हे आधी ठरवावं लागतं, नंतर होत नाही, म्हणून रेकॉर्डिंगच्या दिवशी जाऊन उभं राहण्याऐवजी ट्रॅक तयार होत असतानाच त्याच्याशी बसायला हवं. दोघांना वेगळे माइक मागून घे, डग्ग्याला एक आणि दायांला एक, म्हणजे नंतर वेगवेगळं हाताळता येतं. लाइव्हला लॅपटॉपमधून आवाज परत येताना उशीर होतो त्याकडेही लक्ष दे, बफर, म्हणजे लॅपटॉप एका वेळी जेवढा आवाज साठवून पुढे सोडतो तो तुकडा, ५१२ वर असेल तर एका बाजूचाच उशीर साधारण बारा मिलिसेकंद होतो, १२८ ला तीन. बारा आला की हात अडखळतो आणि आपल्याला वाटतं आज रियाज कमी पडला.

आता सगळ्यात कठीण, चढत्या लयीचं. आपला सोलो संथ पेशकारापासून जलद रेल्यापर्यंत लय हळूहळू चढवत नेतो. आपला गरबा पण तसाच, सुरुवात संथ, मग हींच हा ठेका, आणि रात्री शेवटच्या फेऱ्यांना लय कुठल्या कुठे, आणि मैदान आपल्या बरोबर चढतं, वाजवणारा लोकांचे पाय बघून चढवतो. तू गरबा वाजवतोस म्हणजे हे तुझ्या अंगात आहे. क्लिक हे सगळं बंद करतो. १२० म्हणजे १२०, पहिल्या मिनिटाला आणि सातव्या मिनिटाला. माझ्या मते शास्त्रीय वादकाचं सगळ्यात मोठं नुकसान इथे होतं, सुराचं नाही, घराण्याचं नाही, लय वाढवायचा हक्क जातो ते.

त्यावर मी एकदा एका मुंबईच्या मुलाबरोबर वाट काढली, ती सविस्तर सांगतो कारण तुझ्या कामाला येईल. मराठीच मुलगा, चांगला प्रोड्युसर, पण तालाचं काही शिकलेला नव्हता. मी त्याला म्हटलं सुरुवातीची तीन मिनिटं क्लिक बंद. मी पेशकार वाजवणार, लेहरा म्हणून तू सिंथवर साधी सुरावट धर आणि माझ्या मागे ये. आणि किक तू बोटानं दाबून आणायचा, माझ्या समेवर. तो म्हणाला सम कशी कळणार? मग आम्ही माझ्या घरी चार दिवस बसलो. पहिले दोन दिवस त्यानं लॅपटॉप उघडलाच नाही, हातावर टाळी देत तीनताल म्हटला, काल आली की हात बाजूला. तिसऱ्या दिवशी मी ठेक्यात थोडं भरायला लागलो तर हरवला, परत सापडला, परत हरवला. चौथ्या दिवशी संध्याकाळी माझा डग्गा बंद झाला की तो डोळे न उघडता म्हणाला, काल. त्या दिवशी मला झालेला आनंद वेगळाच होता. शोच्या दिवशी मी पेशकार ८० च्या आसपास सुरू केला, चढवत चढवत ११० पर्यंत नेला, तिहाई घेतली आणि त्यानं बरोबर धावर किक आणला, आणि तिथून पुढे मशीन माझ्या लयीवर चाललं, त्यानं टॅप करून माझा वेग मशिनला दिला होता. लोक ओरडले ते किकला ओरडले असतील, मला त्याचं काही नाही. त्या मुलाला सम कळली होती. पुढे तो एकटा जे काही करतो त्यात मला आता आवर्तन ऐकू येतं.

म्हणून मित्राशी बोलताना पहिलं हे विचार, तू टाळी द्यायला शिकशील का? आणि तू पण त्याचं सॉफ्टवेअर शीक. दोन-तीन महिने रोज तासभर दिलास तर रेकॉर्ड करणं, कापणं, लूप करणं येतं, एवढं काही अवघड नाही, परन बसवायला ह्याहून जास्त वेळ लागतो. टॅल्विन सिंगना १९९९ मध्ये इंग्लंडचं मर्क्युरी प्राइझ मिळालं, तबलजी माणूस, आणि मला त्यातलं महत्त्वाचं हे वाटतं की मशीन ते स्वतः चालवत होते. तबला बाहेरून बोलावलेला पाहुणा नव्हता, ज्याचा तबला त्याचाच स्टुडिओ.

आणि झाकीरभाई. प्रत्येक जण त्यांचं उदाहरण देतो, तू पण दिलंयस. १९७३ मध्ये गिटारवादक जॉन मॅकलॉक्लिनबरोबर शक्ती हा ग्रुप सुरू केला तेव्हा ते बावीस वर्षांचे होते, तुझ्याच वयाचे, हे बरोबर. पुढे बिल लॅसवेल या अमेरिकन प्रोड्युसरबरोबर इलेक्ट्रॉनिकवाल्यांत पण बसले. पण बाविसाव्या वर्षी त्यांच्या मागे अल्लारखाँसाहेबांची तालीम लहानपणापासूनची होती आणि मोठमोठ्या लोकांची साथ करून झाली होती, आणि नंतरही, डिसेंबर २०२४ मध्ये गेले तोपर्यंत, सोलो आणि साथ त्यांनी सोडली नाही. शक्तीमध्ये बाजूला विक्कू विनायकराम घटम घेऊन बसले होते, म्हणजे त्या बैठकीत ताल कळणारे लोक होते. त्यांना लय सोडून द्यावीच लागली नाही. तू कोणाबरोबर बसतोयस ते बघ.

शास्त्रीय अजून किती बाकी आहे तुझं? स्वतःला खरं उत्तर दे. माझं मत असं आहे की विलंबित ख्यालाला तासभर शांत ठेका धरता येत नसेल, मधे भरल्याशिवाय राहवत नसेल, तर अजून दोन वर्षं थांब. कारण टेक्नोला पण नेमकं तेच लागतं, दहा मिनिटं एकच गोष्ट न कंटाळता, न ढळता. ज्याला साथ येते त्याला हे येतं. ज्याला फक्त रेला आणि टाळ्या येतात तो तिथे पहिल्या दोन मिनिटांत सगळं संपवून बसतो. थांब म्हटलं म्हणजे मित्राला नाही सांग असं नाही, तोपर्यंत एक ट्रॅक कर, चार नको.

छोट्या वेळाची पण भीती बाळगू नकोस. फैयाज खाँसाहेब, आपल्या दरबाराचे, आफताब-ए-मौसिकी, त्यांच्या ७८ च्या तबकड्या तीन-साडेतीन मिनिटांच्या आहेत आणि त्यात राग उभा आहे, घाई कुठेच नाही. काय ठेवायचं आणि काय सोडायचं हे त्यांना माहीत होतं. त्या ऐक, ट्रॅक करायला बसायच्या आधी त्याच ऐक.

बाबांचा पैशाचा प्रश्न राहिला. ते बरोबर विचारतायत. एका ट्रॅकला आता जे मिळेल ते कदाचित गरब्याच्या एका रात्रीपेक्षा कमी असेल, त्यासाठी जाऊ नकोस. पण कागद कर. मी केला नाही. २००४ च्या सुमाराला एका स्टुडिओत दोन तास वाजवून तीन हजार घेऊन आलो, आणि दोन-तीन वर्षांनी एका साबणाच्या जाहिरातीत माझा दादरा ऐकला. पहिल्या मात्रेला ओळखला, आपला हात आपल्याला कळतो. मग अजून एका ठिकाणी, मग अजून एका. विचारायला गेलो तर म्हणाले तुम्ही पैसे घेतलेत ना. सहीचा कागद नव्हता, नाव कुठे नव्हतं, गप्प घरी आलो आणि बरेच दिवस तबल्यावर हात ठेवावासा वाटला नाही. २०१२ मध्ये कॉपीराइटचा कायदा सुधारला तेव्हापासून वाजवणाऱ्यालाही रेकॉर्डिंगच्या व्यापारी वापरातून रॉयल्टीचा हक्क आहे आणि परफॉर्मरचा हक्क ५० वर्षं टिकतो, पण कागदाशिवाय तो मागायचा कसा? मित्र आहे म्हणून लाजू नकोस, मित्र आहे म्हणूनच सोपं आहे. साध्या मराठीत ईमेलवर चार ओळी लिहा दोघांनी मिळून. ट्रॅकवर तुझं नाव वादक म्हणून येणार की रचनाकार म्हणून पण, कायदा आणि तिहाई तू बसवलीस तर रचनेतही तुझा वाटा आहे, तो किती टक्के. तुझं रेकॉर्डिंग ह्याच ट्रॅकसाठी, दुसरीकडे वापरायचं तर विचारून. सॅम्पल पॅक म्हणून विकायचं नाही, एआय शिकवायला द्यायचं नाही. आणि सुटा तबला, दोन्ही माइकचा, तुझ्याकडेही एक कॉपी. हे शेवटचं विसरू नकोस, मी वाजवलेलं कितीतरी आज माझ्याच घरात नाही.

सरांना विचारल्याशिवाय जाऊ नकोस एवढंच आता. परवानगी माग असं म्हणत नाही, ट्रॅक घेऊन जा, हेडफोन लाव त्यांना आणि सांग सर, इथे रूपक टाकणार आहे, समेला किक नाहीये, कसं वाटतं. माझ्या गुरुजींना मी असंच ऐकवलं होतं, ते सगळं ऐकून म्हणाले तुझा डग्गा कुठाय. मी परत जाऊन ते मिक्स बदलून घेतलं.

मित्र दिवाळीला घरी येणार म्हणालायस ना, तर त्याला घेऊन माझ्याकडे ये, सकाळी, चहा झाल्यावर. लॅपटॉप आणला तरी चालेल पण पहिला दिवस उघडायचा नाही, टाळीनंच सुरू करू. आणि येताना तुझे दोन्ही दायां आण, काळी एकच्या पुडीची लव आत गेलीय म्हणत होतास, ती पण बघून घेऊ.